ळ कुठं जातो

रेडिओच्या पहिल्या चाचणीत सुष्मितानं संतांच्या गाथेचा गाळा करून टाकला.

"आणि आता ऐकू या संतांची गाळा," असं ती स्वच्छ, ठणठणीत आवाजात वाचून गेली आणि हेडफोनमध्ये कुणीतरी फसकन हसलं. लगेच बटण दाबल्याचा आवाज आला आणि हसू तुटलं. तिला कळलं की काहीतरी चुकलंय. बोटं तशीच पुढं सरकली. पुढची ओळ होती, 'गायक आहेत विश्वनाथ नाथे.' पुन्हा चुकायला नको म्हणून तिनं बोटांना लागली तशीच वाचली.

वाचून झाल्यावर केंद्राचे कार्यक्रम बघणारी प्राची मगदूम आत आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

"आवाज छान आहे तुझा," ती म्हणाली. "पण ते गायक नाळे आहेत. विश्वनाथ नाळे. आमच्याकडं वीस वर्षं गातायत. त्यांचं नाव असं गेलं असतं तर त्यांनी इथं येऊन टेबल वाजवलं असतं."

"माझ्या कागदावर नाथे आहे, मॅडम."

"आणि गाळा?"

सुष्मितानं कागदावर पुन्हा बोट फिरवलं. कागदावर गाथाच होतं. बोटांना ते गाथा लागलंही होतं. पण डोक्यानं त्याचा गाळा केला होता.

"सोमवारी परत ये," प्राची म्हणाली. "नवीन मजकूर पाठवते. यावेळी तयारी करून ये."

बसमध्ये सुष्मिताला जागा मिळाली, पण तिच्यानं बसवेना. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बसा की पावणं, जागा हाय की." ती बसली आणि मांडीवर बोटं आपटत राहिली. बाहेर उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या, बस त्यांच्या मागं रखडत होती, आणि तिला वाटत होतं की खाली उतरावं आणि धावत सुटावं.

ती बावीस वर्षांची होती. जन्मापासून डोळ्यांना दिसत नव्हतं. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. घरात कानडी, बाहेर मराठी. सातव्या वर्षी कोल्हापुरात अंध मुलींच्या वसतिगृहात आली, तिथंच वाढली, तिथूनच बी. ए. झाली. आता वसतिगृहात राहायची मुदत संपत आली होती. अप्पा फोनवर एकच म्हणायचे, "न्हाई जमलं तर गावाकडं ये. घरात काय कमी हाय तुला?" काहीच कमी नव्हतं. तिला माहीत होतं, गावाकडं गेलं की अव्वा, तिची आई, सकाळी सोप्यात चटई टाकणार आणि म्हणणार, "तू बस गं, तू बस." त्या बसण्याचाच तिला धसका होता.

गाथेचा गाळा का झाला, हे वसतिगृहातल्या कुठल्याही मुलीनं सांगितलं असतं. त्यांच्याकडं ब्रेल छापायचं एक यंत्र होतं, फार जुनं, तितक्याच जुन्या संगणकाला जोडलेलं. चालू केलं की जिन्यापर्यंत आवाज यायचा, म्हणून मुली त्याला खडखड्या म्हणायच्या. या खडखड्याला ळ छापता यायचा नाही. ळ आला की तो थ छापायचा. शाळेची शाथा, बाळाचा बाथ, गुळाचा गूथ. बाहेरून छापून येणारी पुस्तकं बरोबर असायची, पण वसतिगृहातल्या चाचण्या, गाणी, गोष्टी, सूचना सगळं खडखड्यावरच निघायचं. रेडिओचा मजकूरही त्याच्यावरच छापला होता. मुलींना लहानपणापासून सवय झाली होती. थ लागला की डोकं आपोआप ठरवायचं, इथं ळ बसतो की थ. घाई असली की ळच धरायचा, कारण मराठीत ळ जास्त लागतो. आणि चाचणीत सुष्मिताला घाई होती.

वसतिगृहात आल्या आल्या ती थेट ऑफिसात गेली. तिथं भाग्यश्री पाटील बसायची. खडखड्यावरचं सगळं टायपिंग तीच करायची.

"ताई, तू ळ टाईप करताना काय दाबतेस?"

"खालची आडवी रेघ. कुठल्या मराठी अक्षराला कुठली इंग्रजी कळ, त्या तक्त्यात तसंच दिलंय." भाग्यश्रीनं मान वर केली असावी, कारण तिचा आवाज बदलला. "काय झालं गं? चाचणी?"

"नाळेंचं नाथे झालं."

"अगं बाई."

"मग रेघ दाबल्यावर थ का येतो?"

"सुई अडकते ना त्याची. हंबीरराव सरांनी मागं मेकॅनिक बोलावला होता. तो म्हणाला, डाव्या बाजूची वरची सुई उगीच खाली येते. तो पार्ट आता मिळत न्हाई."

हे सगळ्यांनाच माहीत होतं आणि ऐकायला पटण्यासारखंही होतं. ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं असतात, डावीकडं तीन, उजवीकडं तीन. ळ म्हणजे फक्त उजवीकडची तीन. त्याला डावीकडचं वरचं एक टिंब जोडलं की थ होतो. म्हणजे ती एक सुई जादा पडली की ळचा थ.

सुष्मिता दारातच उभी राहिली. तिची बोटं चौकटीवर हलत होती.

"ताई, स मध्ये ते टिंब न्हाई."

"मग?"

"त मध्ये न्हाई. ज मध्ये न्हाई. ते कधी चुकत न्हाईत. सुई अडकत असती तर तेसुद्धा बिघडले असते की. फक्त ळवरच कशी अडकेल?"

भाग्यश्रीनं दोन-तीन कळा दाबून बघितल्या. मग म्हणाली, "मी आठ वर्षं टायपिंग करतेय. माझ्या कधी डोक्यात आलं न्हाई बघ."

त्या रात्री सुष्मिताला धड झोप लागली नाही. सकाळी अंघोळीच्या रांगेत ती दोनदा नंबर सोडून निघून गेली. नाश्त्याचे पोहे तसेच ठेवून ती हंबीरराव सरांची वाट बघत ऑफिसाबाहेर फेऱ्या मारू लागली. हंबीरराव देसाई वसतिगृहाचे व्यवस्थापक. माणूस मायाळू, पण यंत्राच्या बाबतीत भलता जपणारा.

"सुई न्हाई सर. संगणकातला प्रोग्राम चुकतोय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतेय."

"अगं, पंचवीस वर्षं चाललंय ते. राजशेखर सरांनी स्वतः बसून लिहिलेला प्रोग्राम हाय. वार्षिक परीक्षेचे पेपर त्याच्यावर निघायचेत. तू हात लावशील आन् उद्या बंद पडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? तसला संगणक आता भंगारातबी मिळत न्हाई."

"मी काही बदलणार न्हाई. फक्त वाचणार."

"वाचणार कसं? तो बोलत न्हाई तुझ्या फोनसारखा."

संगणक इतका जुना होता की पडदा वाचून दाखवण्याची सोय त्यात होण्यासारखी नव्हती. ती परत फिरली, जिन्यात थांबली, पुन्हा वर आली आणि म्हणाली, "राजशेखर सरांचा नंबर द्या."

राजशेखर हिरेमठ इंजिनियर होते. निवृत्त होऊन बेळगावला मुलीकडं राहत होते. तिनं फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"माझा प्रोग्राम चुकीचा?" पलीकडून आवाज चढला. "तंगी, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा लिहिलाय मी तो. साध्या बेसिक भाषेत आहे. साठ-सत्तर ओळी. त्यात चुकायला काय आहे?"

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण; सीमेकडची म्हातारी माणसं कुठल्याही मुलीला तशी हाक मारतात. त्या एका शब्दानं तिला धीर आला.

"सर, मला तो वाचायचाय. पण पडदा मला दिसत न्हाई."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "पडदा कशाला पाहिजे? यंत्र ब्रेलच छापतं ना? प्रोग्रामच छापायला लाव त्याला. कंट्रोल आणि ब्रेक एकदम दाबायचं. पडद्यावर ओके येईल. मग एलएलआयएसटी टाईप करायचं. सगळ्या ओळी कागदावर येतील."

सुष्मिता फोन न ठेवताच पळत सुटली आणि दाराच्या कडेला खांदा आपटला.

छापणं म्हणजे बिघडवणं नव्हे, हे हंबीररावांना पटवायला भाग्यश्रीला मध्ये पडावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "छापा. पण मी इथंच बसणार." आणि खरोखरच खुर्ची ओढून बसले.

खडखड्या सुरू झाला. कागद भराभर बाहेर येत होता आणि सुष्मिता तो पुरता निघायच्या आधीच बोटांनी चाचपत होती. इंग्रजी अक्षरं ओळखू येत होती, पण मध्ये मध्ये नुसते स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अर्धविराम पसरले होते. तिला काही टोटल लागेना.

"काय लिहिलंय?" हंबीररावांनी विचारलं.

"विरामचिन्हं."

"म्हंजे बिघडलंच की!"

"थांबा की सर जरा!" ती इतक्या जोरात म्हणाली की भाग्यश्रीही दचकली.

शाळेत शिकवलेल्या ब्रेलमध्ये आकडा लिहायचा तर आधी आकड्याची खूण आणि मग ए, बी, सी ही अक्षरं. संगणक तसं करत नव्हता. त्याला प्रत्येक आकड्याचा, प्रत्येक चिन्हाचा एकेक नंबर ठरलेला असतो, आणि त्या नंबरावर यंत्र एक ठरलेला आकार टोचतं. इथला एक म्हणजे तिच्या बोटांना स्वल्पविराम लागत होता. पण कुठला आकार म्हणजे कुठला आकडा, हे तिला कोण सांगणार?

तिनं फोनवर शोधलं. कानात बायकी आवाज भरभर बोलत होता: कॅपिटल ए पासष्ट, बी सहासष्ट, सी सदुसष्ट. ती फेऱ्या मारत ऐकत होती. मग एकदम थांबली.

"ताई, सांगते ते टाईप कर. बत्तीसपासून पंच्याण्णवपर्यंत. आधी नंबर छापायचा आणि त्याच्या पुढं त्या नंबराचं अक्षर. एका ओळीत एक."

भाग्यश्रीनं फोनमधलं ऐकून ऐकून त्याची एका ओळीची आज्ञा टाईप केली. दोनदा चूक झाली, तिसऱ्यांदा यंत्र खडखडलं.

सुष्मिता जमिनीवरच बसली. लांबलचक कागद मांडीवर घेतला. ए सापडला. त्याच्या आधी दोन आकार, म्हणजे सहा आणि पाच. खालची ओळ बीची, तिथं एकच आकार दोनदा. म्हणजे तो सहा. सीच्या आधी सहा आणि एक नवा आकार, म्हणजे सात. डीजवळ आठ, ईजवळ नऊ. एफचा नंबर सत्तर, तिथं शून्य मिळालं. जी, एच, आय, जे. जेपर्यंत आली तेव्हा दहाही आकडे तिच्या बोटांत होते. मग चिन्हं. बासष्ट नंबर कशाचा, तिनं फोनला विचारलं. 'पेक्षा मोठं' हे चिन्ह. एकसष्ट? बरोबरचं चिन्ह, सहाही टिंबं भरलेलं घर.

तिचं बोट तक्त्याच्या तळाशी गेलं. शेवटचा नंबर पंच्याण्णव. त्याच्या पुढं उजव्या बाजूची तीन टिंबं, एकाखाली एक. डावीकडं काही नाही.

तिनं पुन्हा चाचपलं. पुन्हा एकदा.

"सर, इकडं बोट द्या."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळतंय. द्या."

हंबीरराव वाकले. तिनं त्यांचं बोट धरून आधी पंच्याण्णववर ठेवलं, मग जुन्या चाचणीच्या कागदावरच्या शाथातल्या थवर. "याच्यात वरचं टिंब हाय. त्याच्यात न्हाई. दोन्ही याच यंत्रातनं निघालंय. सुई अडकत असती तर पंच्याण्णववाला कसा आला?"

हंबीररावांनी खिशातून चष्मा काढला. कागद उजेडात तिरपा धरून बघितला असावा, कारण बराच वेळ कागद सळसळत होता.

"आयला," ते म्हणाले.

आता ती प्रोग्राम वाचू लागली. एकेक ओळ. कुठं ती मोठ्यानं बोलायची, कुठं नुसते ओठ हलायचे. भाग्यश्री टाईप करते ते अक्षर प्रोग्राम उचलतो. त्याचा नंबर बघतो. लहान लिपीतलं अक्षर असेल तर त्याचं मोठ्या लिपीत करतो, कारण या यंत्राला मोठीच लागतात. मोठं करण्यासाठी नंबरातून बत्तीस वजा. ती ओळ तिच्या बोटाखाली आली:

240 IF C>94 THEN C=C-32

"लहान ए कितीवर, ताई? फोनमध्ये बघ."

"सत्त्याण्णव."

"मग राजशेखर सर चौऱ्याण्णवच्या वरचं सगळं का कमी करतायत?" तिनं श्वास घेतला. "रेघ पंच्याण्णव. ती लहान अक्षर न्हाईच, पण तिच्यातनंबी बत्तीस जातात. उरले त्रेसष्ट." तिनं मांडीवरचा तक्ता ओढला. बोट साठ, एकसष्ट, बासष्ट असं उतरत गेलं. त्रेसष्टच्या पुढं थ होता.

अंगणात कुणीतरी बादली आपटली.

"चारच्या जागी सहा करायचं," ती म्हणाली. "एकच आकडा."

हंबीररावांनी खुर्ची मागं सारली. आता ते नको म्हणणार असं भाग्यश्रीला वाटलं. ते म्हणाले, "आधी जुनं हाय तसं दुसऱ्या नावानं ठेव. मग कर. आन् बिघडलं तर?"

"तर सगळे पेपर हातानं टोचून देते आणि मग गावाकडं जाते."

"गप. गावाकडं जाते म्हणं."

भाग्यश्रीनं जुन्याची प्रत ठेवली, मग चारच्या जागी सहा केला. मग तिनं सुचतील ते शब्द टाईप केले. शाळा. बाळ. गूळ. पन्हाळा. केळी. शिरोळ. आणि शेवटी गाथा.

कागद आला. सुष्मितानं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि अडखळली. इतकी वर्षं या यंत्राच्या कागदावर इथं थ लागायचा. आता बोटाखाली काहीतरी कमी होतं, जिन्याची शेवटची पायरी नसावी तसं. तिनं दोनदा मागं जाऊन वाचलं. "शाळा," ती म्हणाली. "शाळाच हाय."

संध्याकाळी तिनं राजशेखर सरांना फोन केला. ओळीचा नंबर सांगितला, आकडा सांगितला.

"चौऱ्याण्णव..." ते पुटपुटले. "छ्या. तेव्हा वाटलं होतं, मधल्या दोन-तीन नंबरांवर काही येणारच नाही." मग आवाज एकदम दुखावल्यासारखा झाला. "पण पंचवीस वर्षं ळ येत नव्हता आणि मला एकानंही फोन केला नाही?"

"सगळी चालतंय की म्हणत होती, सर."

"तूही?"

"मीबी. परवापर्यंत."

वाटलं होतं तसं सगळं आनंदानं पार पडलं नाही. दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर गोष्ट छापून वाटली तेव्हा लहान मुलींनी कालवा केला. अर्ध्या कपाटात जुन्या कागदांवर ळच्या जागी थ आणि आता नव्यावर खरा ळ, मग कुठला कागद कसा वाचायचा? एक सातवीतली तर रडकुंडीला आली. "आमचं चाललं होतं की बरं. कुणी सांगितलं होतं तुला?" सुष्मितानं तिला जवळ बसवलं आणि नवा कागद दोघींच्या बोटांखाली ओढला. तिची स्वतःची बोटं अजून चुकत होती. चार दिवस ती वऱ्हांड्यातून चालता चालता वाचत राहिली. जेवताना डाव्या हाताखाली कागद. चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. आचारी मावशी ओरडायची, "अगं, आमटीत बुडाला कागद!"

सोमवारच्या चाचणीसाठी प्राचीनं पाठवलेला मजकूर पाणीपुरवठ्याच्या सूचनेचा होता. कुठल्या भागात पाणी येणार नाही त्याची नावं. मंगळवार पेठ, कळंबा, साळोखेनगर, उजळाईवाडी. जणू मुद्दाम वेचून काढली होती. प्राचीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

भाग्यश्री सोबत आली होती. काचेबाहेर बसली होती आणि आत तांबडा दिवा लागल्यावर तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

सुष्मिता वाचू लागली. पहिल्यापेक्षा सावकाश. मंगळवार पेठ गेलं. कळंबा गेलं. साळोखेनगरला बोट क्षणभर थांबलं आणि पुढं सरकलं. उद्या सकाळी पाणी येणार नाही, नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा, असं वाचता वाचता तिच्या तोंडून साठ्याचा साळा निघाला. तिथं थच नव्हता, ठ होता. जीभच घसरली होती.

ती थांबली. मग म्हणाली, "माफ करा. पाण्याचा साठा करून ठेवावा." आणि पुढं वाचत गेली.

तिनं हेडफोन काढला. प्राची आत आली.

"मध्ये चुकलीस."

"हो."

"आणि माफ करा म्हणून पुढं गेलीस. कुणी शिकवलं?"

"तुमचेच निवेदक करतात. मी रोज ऐकते."

प्राची हसली. यावेळी कुणी बटण दाबून हसू तोडलं नाही. "मंगळवार आणि शुक्रवार, सकाळच्या सूचना. दोन महिने बघू. मजकूर आदल्या दिवशी दुपारी मिळेल. छापून घ्यायची सोय आहे ना तुझ्याकडं?"

"आहे," सुष्मिता म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर भाग्यश्रीनं तिला घट्ट धरलं. सुष्मिताला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. शुक्रवार कधी येतो असं तिला झालं होतं. तिनं घरी फोन लावला. अव्वानं उचलला आणि नेहमीसारखं आधी कानडीत जेवणाचंच विचारलं, "ऊट आयता?"

"अव्वा, मी रेडिओवर बोलणार."

"काय बोलणार?"

"पाणी कधी येणार न्हाई ते."

मग अव्वा लांब कुणाला तरी ओरडून सांगू लागली. अप्पांचा आवाज जवळ आला. "आपल्याकडं लागतंय का गं ते टेशन?"

"न्हाई लागत, अप्पा. कोल्हापुरातच लागतंय."

"मग आमी कसं ऐकायचं?"

तिनं पिशवीतून पाण्याच्या सूचनेचा कागद काढला. बाजूनं रिक्षा गेली, मागून दोन मोटारसायकली. ती दुकानाच्या पायरीच्या आडोशाला सरकली. भाग्यश्रीनं फोन तिच्या तोंडापाशी धरला, आणि सुष्मितानं एका हातानं कागद पोटाशी दाबून दुसऱ्या हाताच्या बोटांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.